स्कूबा करताना गरगरतं का, मळमळतं का?

दिवाळीची सुट्टी लागली की मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आणि तारकर्ली-देवबागकडे स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरवणाऱ्या, बोटींची लगबग सुरू होते, ती थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. परतलेल्या पाहुण्यांचे अनुभव मात्र दोन तऱ्हेचे असतात. कुणी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं, त्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तोंडाशी येऊन घुटमळत असतात. आणि कुणी जरा बाजूला घेऊन सांगतं, "अगं, मी खाली गेलेच नाही नीट. इतकं गरगरलं!" मग घरातलं एखादं जाणतं माणूस निदान करून टाकतं: "ऑक्सिजन कमी पडला असणार."

हे निदान बहुतेक वेळा चुकतं. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरलेलाच नसतो. आपण किनाऱ्यावर श्वासात घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. तिच्यात ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण पाण्याखाली दाब जास्त असल्यामुळे दर श्वासाला तो वरच्यापेक्षा जास्तच मिळतो. त्यामुळे सिलिंडर चालू आहे आणि श्वास येतोय, तोवर चक्करेचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. बहुतेकदा ते लाटांमध्ये सापडतं, पुष्कळदा कानात, आणि क्वचित त्या हवेत.

कुठल्या कारणाने चक्कर आली हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: ती नेमकी कधी आली? बोटीवर, खाली जाताना, तळाशी, वर येताना, की किनाऱ्याला लागल्यावर? प्रत्येक वेळेचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. नौदलातून निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही नौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिथे डायव्हिंगचं ठिकाण करायचा राज्याचा प्रकल्प गेल्या वर्षा-दोन वर्षांत गाजतो आहे. म्हणजे आज सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात हौस भागवणारे लोक उद्या आणखी खोल जायला बघणार. त्याआधी हे समजून घेतलेलं बरं.

तोल कानात असतो

कान ऐकायला असतात हे अर्धंच खरं. आतल्या कानात एकमेकींना काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांत द्रव भरलेला असतो. आपण मान वळवली की नळी वळते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो. पाणी भरलेला तांब्या हातात गरकन फिरवून थांबवून पाहा: तांब्या थांबतो, आतलं पाणी फिरतच राहतं. नळीतल्या द्रवाची ही मागे-पुढे होणारी हालचाल तिथले सूक्ष्म केस टिपतात आणि मेंदूला कळवतात की डोकं अमुक बाजूला फिरलं. शेजारीच कॅल्शियमचे अगदी बारीक कण असलेली दुसरी रचना आहे. 'खाली' कुठे आहे ते ती सांगते.

मेंदू एकट्या या खबरीवर विश्वास ठेवत नाही. डोळे काय पाहतात, तळपायांना काय लागतं, मानेचे स्नायू काय सांगतात, हे सगळं ताडून बघतो. दोन्ही कान आणि डोळे यांचं म्हणणं जुळलं तर आपल्याला काहीच जाणवत नाही. जुळलं नाही की चक्कर, आणि तिच्यामागोमाग मळमळ, घाम, तोंडाला सुटलेलं पाणी. पाण्याखाली पायाला जमीन लागत नाही, नजर मास्कच्या चौकटीत अडकते, शरीराचं वजन जाणवत नाही. मेंदूचे निम्मे साक्षीदार गप्प झाल्यावर कानातली जराशी चूकही मोठी वाटू लागते.

बोटीवरच ढवळून आलं तर

सगळ्यात जास्त लोकांना होतो तो हाच त्रास, आणि त्याचा खोल पाण्याशी काहीएक संबंध नाही. ज्यांना गाडी लागते त्यांना ही ओळखीची गोष्ट. बोट नांगर टाकून उभी असते, लाटेबरोबर ती आडवी डोलते, इंजिनाचा धूर नाकात जातो, आणि आपण आपली पाळी येईपर्यंत खाली मान घालून पट्टे आवळत नाहीतर फोटो बघत बसतो. डोळे म्हणतात स्थिर आहोत, कान म्हणतात हलतोय.

त्यात आपली मंडळी येतात कशी? कोल्हापूर-सांगलीकडून किंवा पुण्या-मुंबईहून रात्रभर गाडी मारत, घाटातली वळणं घेत, अर्धवट झोपेत पहाटे मालवणात शिरायचं आणि आठ वाजता बोटीवर चढायचं. काहींनी "उलटी होईल म्हणून" काही खाल्लेलं नसतं, काहींनी आदल्या रात्री नको तितकं प्यायलेलं असतं. उपाशी पोट आणि जागरण या दोन्हींनी मळमळ वाढते. तासभर आधी दोन घावणे किंवा इडली खाऊन, पाणी पिऊन जावं. सुरमईचं ताट परत आल्यावर.

बोटीच्या मधल्या भागात, धुराच्या उलट बाजूला बसावं. नजर क्षितिजावर किंवा किल्ल्याच्या तटावर ठेवावी. दुपारनंतर या किनाऱ्यावर वारा उठतो आणि पाणी खवळतं, म्हणून सकाळची वेळ मागून घ्यावी. आणखी एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही: बोट लागलेल्या माणसाला पाण्याखाली काही मीटर गेल्यावर अनेकदा बरं वाटतं, कारण लाटेची हालचाल खाली जाऊ तशी कमी होत जाते. सगळ्यात वाईट अवस्था असते ती सगळा सरंजाम अंगावर चढवून पृष्ठभागावर हेलकावे खात थांबण्याची. तिथे जितका कमी वेळ जाईल तितकं बरं. पण आधीच दोन-तीनदा उलटी झाली असेल तर मात्र खाली जाऊ नये. अंगातलं पाणी आणि त्राण दोन्ही कमी झालेलं असतं.

खाली जाताना: "पंधरा-वीस फूटच तर जायचंय"

आंबोलीचा घाट उतरताना कानाला दडे बसतात, तो अनुभव सगळ्यांनाच आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंच. तिथून सावंतवाडीपर्यंत उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, जवळपास तेवढा पाण्यात पाऊण मीटर खाली गेल्यावर वाढतो. अख्खा घाट काही सेकंदांत उतरल्यासारखं कानाला वाटतं, आणि आपण अजून बोटीची शिडी हाताने धरून असतो!

दर १० मीटर खोलीला दाब एक वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा जेवढा दाब असतो तेवढ्याने, वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम शाळेत घोकलेला असतो: दाब दुप्पट, आकारमान निम्मं. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्ये कानातली हवा निम्म्यावर येते, पुढच्या १० मीटरमध्ये निम्म्यावरून एक तृतीयांशावर. सगळ्यात मोठा बदल सुरुवातीलाच होतो. म्हणून कानाच्या दृष्टीने 'फक्त पंधरा-वीस फूट' हाच सगळ्यात त्रासाचा टप्पा असतो.

कानाच्या पडद्याच्या मागे जी हवेची पोकळी असते, म्हणजे मधला कान, ती घशाच्या मागच्या भागाशी एका बारीक नळीने जोडलेली आहे. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना उघडते. बाहेरचा दाब वाढला की या नळीतून आत हवा गेली पाहिजे, तरच पडदा दोन्हीकडून सारखा राहतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की नळी उघडते. डायव्हर याला इक्वलाइज करणं म्हणतात, आणि मास्कला नाकापाशी चिमटीत धरता येणारा रबराचा भाग त्यासाठीच असतो.

हे वेळेवर केलं नाही तर दीडेक मीटरमध्येच नळीचं तोंड दाबाने असं चिकटतं की मग फुंकूनही उघडत नाही. कान दुखू लागतो. तरी रेटून खाली गेलं तर पडदा फाटू शकतो. आणि एक कान मोकळा, दुसरा बंद अशी अवस्था झाली की दोन कानांकडून मेंदूला वेगवेगळ्या खबरी जातात. इथे चक्कर येते.

किल्ल्याजवळच्या बोटीवर एक प्रशिक्षक पोरगा नवख्यांना सांगत होता ते सगळ्या पाठ्यपुस्तकांचं सार आहे: "कान दुखलो तर माका दाखव. घाय करू नको." दुखायच्या आधीच, दर हातभर अंतराला नाक धरून फुंकायचं. दुखलं तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. पाय खाली आणि डोकं वर ठेवून उतरलं तर नळी सहज उघडते.

मग जोर लावून फुंकलं तर काम लवकर होईल ना?

नाही, आणि हे अजिबात करू नये. बंद नळीवर जोर लावून फुंकलं की डोक्यातला द्रवाचा दाब एकदम वाढतो. आतल्या आणि मधल्या कानामध्ये कागदापेक्षा पातळ पडदे असतात, ते अशा वेळी फाटू शकतात. मग नुसती चक्कर राहत नाही. कानात सतत गुंई आवाज येतो, ऐकू कमी येतं, आणि ते कायमचंही राहू शकतं. फुंकर शिंकरण्यापेक्षा हलकी हवी. फुंकूनही जमत नसेल तर नाक धरून आवंढा गिळून बघावा. तरीही कान उघडला नाही तर त्या दिवसापुरता बेत रद्द. पैसे गेले तर गेले.

वर येताना अचानक सगळं फिरू लागलं

खाली जाताना काही झालं नाही, मासे पाहून झाले, आणि वर येताना एकदम जग फिरलं. अशा माणसाला वाटतं की आपल्याला काहीतरी गंभीर झालं. प्रत्यक्षात वर येताना मधल्या कानातली हवा फुगते आणि तिला नळीतून बाहेर पडावं लागतं. बहुतेकदा ती आपोआप पडते. पण एका बाजूने पटकन आणि दुसऱ्या बाजूने उशिरा बाहेर पडली की दोन कानांतल्या दाबात फरक पडतो आणि गरगरतं. क्लेस लुंडग्रेन या स्वीडिश डॉक्टरने १९६५ मध्ये डायव्हरांमधल्या या चक्करेचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केलं. सर्दी झालेल्यांना हे जास्त होतं.

ही चक्कर काही सेकंदांची, फार तर थोड्या मिनिटांची असते. करायचं ते एवढंच: वर जाणं थांबवायचं, दोराला किंवा प्रशिक्षकाला घट्ट धरायचं, थोडं खाली यायचं, आवंढा गिळायचा. इथे नाक धरून फुंकायचं नाही. आत आधीच जास्त हवा आहे, तिच्यात भर टाकून काय मिळणार?

या वेळी दुसरी मोठी चूक होते ती घाबरून श्वास रोखून वर झेपावण्याची. फुप्फुसातली हवाही वर येताना फुगते. श्वास रोखलेला असेल तर अगदी दीड मीटरचं अंतरसुद्धा फुप्फुसाला इजा करायला पुरतं. चक्कर आपली आपण जाते, ही इजा जीवावर बेतते. म्हणून काहीही झालं तरी श्वास चालू ठेवायचा.

एकाच कानात गार पाणी शिरलं तर

व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीने धूत असत. पाणी गार असलं की रुग्ण चक्कर येते म्हणायचे आणि त्यांचे डोळे थरथरायचे. मग जास्त गरम पाणी वापरलं तर चक्कर पुन्हा आली, फक्त डोळ्यांची थरथर उलट्या दिशेने. बारानींच्या ध्यानात आलं की तापमानातल्या फरकाने नळीतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरलं. तोलाच्या या अवयवावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी पोचली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आपल्या समुद्राचं पाणी काही युरोपासारखं गार नसतं, पण शरीराच्या ३७ अंशांपेक्षा बरंच कमी असतं. दोन्ही कानांत ते सारखं शिरलं तर बिघडत नाही. एका कानात मळाचा बोळा असेल तर पाणी एकाच बाजूला आतपर्यंत जातं आणि थोडं गरगरतं. पडदा फाटला तर मात्र पाणी थेट मधल्या कानात घुसतं आणि चक्कर इतकी जबर येते की वर कुठे, खाली कुठे कळेनासं होतं. आत गेलेलं पाणी अंगाच्या उबेला आलं की ती ओसरते. तेवढी एक-दोन मिनिटं घट्ट धरून राहणं महत्त्वाचं. पडदा आधीच फाटका असेल, कान वाहत असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर कानाच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पाण्याखाली जाऊच नये. बोटीवर चढण्याआधी जो अर्ज भरून घेतात त्यात हे प्रश्न असतात. सगळीकडे भराभर 'नाही' लिहून सही ठोकायची आपली सवय इथे नडते.

तळाशी असताना

गढूळ पाण्यात चारी बाजूंनी सारखाच हिरवट रंग दिसतो. डोळ्यांना टेकू उरत नाही आणि डोकं हलकं होतं. तेव्हा आपले बुडबुडे बघावेत, ते नेहमी वरच जातात. खडकांजवळ पाणी मागे-पुढे झुलत असतं, त्याबरोबर तळाचं शेवाळही झुलतं. त्याच्याकडे टक लावून पाहिलं की ढवळून येतं. एखाद्या न हलणाऱ्या खडकावर नजर ठेवावी.

श्वासाचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तोंडात धरायच्या ज्या उपकरणातून हवा येते त्या रेग्युलेटरमधून घाबरलेला माणूस उथळ, भराभर श्वास घेतो. अशाने कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, डोकं ठणकतं, मळमळतं, हवा पुरत नाही असं वाटतं, आणि तो आणखी भराभर श्वास घेऊ लागतो. हवा पुरत नसल्याची ही जाणीव म्हणजेच घरच्यांचा तो 'ऑक्सिजन कमी पडला'. हातपाय मारणं थांबवावं आणि श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावं, सावकाश, पूर्ण.

क्वचित दोष हवेचाच असतो. सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी इंजिनाच्या धुराजवळ असली तर कार्बन मोनॉक्साइड आत जातो. त्याला वास नसतो. पण धुराबरोबर तेलाचा वास किंवा चव येऊ शकते. रेग्युलेटरमधून तेलकट वास आला, किंवा एकाच बोटीवरच्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर तो योगायोग मानू नये. ती हवा बंद करावी आणि मोकळ्या हवेत यावं.

पाण्याखाली उलटी झालीच तर?

ही भीती सगळ्यांनाच असते, विचारत कुणी नाही. रेग्युलेटर तोंडातच ठेवून, हाताने धरून त्यातच उलटी करायची. ती बाजूच्या झडपेतून बाहेर जाते. मग पुढचं बटण दाबून आत उरलेलं साफ करायचं आणि श्वास घ्यायचा. रेग्युलेटर काढून उलटी केली तर पुढचा श्वास प्रतिक्षिप्तपणे पाण्यातच घेतला जातो. ती खायला मासे येतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

त्याआधीच खूण केलेली बरी. हात आडवा धरून डावा-उजवा हलवणं म्हणजे 'काहीतरी बिघडलंय'. मग बोटाने कान किंवा पोट दाखवायचं. अंगठा वर केला तर डायव्हिंगच्या भाषेत त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. छान वाटतंय म्हणून अंगठा दाखवणाऱ्यांना प्रशिक्षक निमूट वर घेऊन येतो आणि मग बोटीवर वाद होतात. 'ठीक' साठी अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं.

पोहता येतं, गाडी लागत नाही, मग मला काय होणार?

पट्टीच्या पोहणाऱ्याचीही युस्टेशियन नलिका सर्दीत सुजते. गाडी न लागण्याचा उपयोग बोटीवर होतो, दाबातल्या फरकापुढे नाही. उलट पोहता येणारे आत्मविश्वासाने झटकन खाली जातात आणि कान मागे राहतो.

गोळी घेऊन गेलं तर?

गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते. प्रोमेथाझिनने तर चांगलीच. पाण्याखाली गुंगी नको. पूर्वी कधी घेतली नसेल अशी गोळी पहिल्यांदा बोटीवर घेऊ नये, डॉक्टरांना विचारून आधी घरी घेऊन बघावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. आलेपाकाचा तुकडा चघळायला हरकत नाही, आल्याने काहींची मळमळ खरंच कमी होते.

नाक मोकळं करणाऱ्या औषधांचा धोका वेगळा आहे. त्यांच्या जोरावर सर्दीतही खाली जाता येतं, पण असर मध्येच ओसरला तर नळी पुन्हा सुजते आणि फुगणारी हवा वर येताना कानात अडकते. खाली जाणं पुढे ढकलता येतं, वर येणं ढकलता येत नाही. सर्दी असेल तर किल्ला बघावा.

किनाऱ्यावर आल्यावरही डोलतंय

संध्याकाळी अंथरुणावर पडल्यावर खोली हलल्यासारखी वाटणं हे बोटीवर दिवस काढलेल्या कुणालाही होतं आणि सहसा दुसऱ्या दिवसापर्यंत जातं. कानात पाणी असल्यासारखं जड वाटणंही तसंच. काडी किंवा कापूस घालून कोरू नये.

वर आल्यावर चक्कर थांबतच नाही, एका कानाने ऐकू येईना, कानातून रक्त आलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, बोलताना अडखळणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं यांपैकी काही दिसलं तर एक मिनिटही न दवडता माणसाला आडवं झोपवून बोटीवरचा शुद्ध ऑक्सिजन लावावा आणि रुग्णालय गाठावं. इथे मात्र ऑक्सिजन खरोखर लागतो. तो बोटीवर आहे का, हे पैसे भरतानाच विचारून घ्यावं. रक्तात हवेचे किंवा नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याची ही लक्षणं असू शकतात. उथळ, थोडक्या वेळाच्या डायव्हमध्ये नायट्रोजनचा धोका फारच कमी, पण श्वास रोखून वर आलेल्याला हवेच्या बुडबुड्यांचा धोका उथळ पाण्यातही असतो. याच बुडबुड्यांमुळे डायव्हनंतर निदान १२ तास, आणि एकाहून जास्त डायव्ह केल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये असा सल्ला असतो. सकाळी तारकर्लीत स्कूबा आणि दुपारी परतीचं विमान, असा बेत म्हणून आखू नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य "मी काल स्कूबा केलं" हे असावं. नुसतं "चक्कर येतेय" म्हटलं तर ते आधी रक्तदाब बघतील, मग मान, मग रक्तातली साखर, आणि कानाकडे यायला संध्याकाळ होईल.